रिक्षा पिकअपवर किंवा ट्रॉलीवर बांधून नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणी दुसऱ्या जिल्ह्यातून जुनी रिक्षा विकत घेतो, कुणाची रस्त्यात इंजिन बसल्यामुळे अडकते, कुणाला शहरातला धंदा आवरून ती गावी न्यायची असते. अशा वेळी पिकअप ठरतो, चार माणसं जमतात, हाताला लागेल तो दोर घेऊन रिक्षा बांधली जाते. बांधणाऱ्यांची मेहनत खरी असते, पण बहुतेक वेळा दोर चुकीच्या जागी असतो. साडेतीनशे-चारशे किलोचं वाहन हौद्यातून सुटलं तर मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला काहीच करता येत नाही. म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत.

रिक्षा चालू स्थितीत आहे. मग चालवतच का नेऊ नये?

जवळचं अंतर असेल आणि कागदपत्रं ठीक असतील तर चालवत न्या. लांबच्या प्रवासात मात्र दोन अडचणी येतात. पहिली रस्त्याची. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तीनचाकींना बंदी आहे, समृद्धी महामार्गावरही आहे. नागपूर ते ठाणे जिल्ह्यातलं आमणे असा ७०१ किलोमीटरचा समृद्धी जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, पण त्यावर रिक्षा स्वतःच्या चाकांवर जाऊ शकत नाही, पिकअपच्या हौद्यात मालासारखी जाऊ शकते. अटल सेतूवरही रिक्षेला प्रवेश नाही. दुसरी अडचण रिक्षेची. आठ इंची रिमवरची छोटी चाकं आणि शहरातल्या थांबत-थांबत चालण्यासाठी बनवलेलं इंजिन, यांना दिवसभर जुन्या महामार्गावर ट्रकांच्या मधून पळवणं गाडीला सोसत नाही आणि चालवणाऱ्याच्या जिवालाही ते बरं नाही. जुनी, नुकतीच घेतलेली, ब्रेकचा अंदाज नसलेली रिक्षा असेल तर मी सरळ पिकअप ठरवा म्हणेन.

छोट्या हत्तीत बसेल का, की मोठा पिकअपच हवा?

मापं बघा. बजाज आरई या नेहमीच्या प्रवासी रिक्षेची लांबी साधारण २६३५ मिलिमीटर, म्हणजे पावणेनऊ फुटांच्या आत. रुंदी १३०० आणि उंची १७०० मिलिमीटरच्या आसपास. नऊ फुटी हौद्याच्या पिकअपमध्ये ती फाळका (हौद्याचं मागचं झाकण) बंद करून बसते. छोट्या हत्तीचा, म्हणजे टाटा एसचा, हौदा साधारण २२०० मिलिमीटरचा, त्यामुळे दीड फूट रिक्षा बाहेर राहते आणि फाळका उघडा ठेवावा लागतो. वजन पेलेल, पण उघड्या फाळक्यावर चाकं टेकवून नेऊ नका. फाळक्याच्या बिजागऱ्या आणि साखळ्या माल चढवता-उतरवताना आधार द्यायला असतात. हलत्या गाडीत चारशे किलोचे धक्के झेलायला त्या केलेल्याच नसतात. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१अ) प्रमाणे परवानगीपेक्षा बाहेर आलेल्या मालाला २०,००० रुपये दंड आहे, आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा. छोट्या हत्तीच्या भाड्यात वाचलेले पैसे एका नाक्यावर जातात.

लोडिंगला आलेल्या पिकअपचा हौदा आधी झाडून घ्या. वाळू, खडी, भाजीचा चिखल, तेलाचे डाग यांवर रबरी टायर घसरतो. साफ, कोरड्या, शक्यतो लाकडी फळी किंवा रबरी मॅट टाकलेल्या हौद्यात निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते.

तोंड केबिनकडे ठेवायचं की फाळक्याकडे?

यावर दोन मतं आहेत आणि दोन्हीकडे अनुभवी माणसं आहेत. माझं मत पाठमोरी चढवण्याच्या बाजूने आहे, म्हणजे मागची दोन चाकं केबिनकडे आणि पुढचं एकटं चाक फाळक्याकडे.

तीनचाकीचा तोल तीन चाकांनी आखलेल्या त्रिकोणात असतो. मागची बाजू रुंद, पुढे एकच टोक. नुसता ब्रेक लागला तर भार सरळ पुढे जातो. पण वळणावर ब्रेक लागला की भार तिरका, पुढच्या कोपऱ्याकडे जातो आणि रिक्षेला त्या कोपऱ्यात चाकच नसतं. रिक्षा उलटते ती बहुतेक अशीच, मग ती रस्त्यावर असो वा हौद्यात. पाठमोरी ठेवली की ब्रेकचा मोठा धक्का दोन चाकांवर येतो. इंजिनही मागे असल्यामुळे जड बाजू केबिनच्या जवळ, पिकअपच्या दोन ॲक्सलांच्या मध्ये येते आणि पिकअपचं स्टिअरिंग हलकं पडत नाही. हूडची, म्हणजे रिक्षेच्या छपराची, बंद पाठ वाऱ्याकडे येते, हाही फायदा.

माणसं कमी असतील, उतार अवघड असेल आणि तोंड पुढे करूनच चढवता येत असेल तर तसं करा. मात्र मग पुढच्या चाकाला दोन्ही कोपऱ्यांकडे तिरके जाणारे बेल्ट हवेतच, एका मधल्या दोरावर भागवू नका.

चढवायची कशी? दोन फळ्यांवरून कार चढवतो तशी चढत नाही.

नाही चढत, कारण पुढचं चाक बरोबर मधे येतं. तीन फळ्या लागतात किंवा पूर्ण रुंदीचा एक रॅम्प. दोन फळ्या लावून मधलं चाक चार जणांनी उचलून धरायची पद्धत सर्रास दिसते. त्यात एकाचा पाय घसरला की रिक्षा दुसऱ्याच्या अंगावर येते. ते करू नका.

सगळ्यात चांगला रॅम्प म्हणजे जमीन. शेताचा बांध, गोदामाचा धक्का, रस्त्याकडेचा उंचवटा बघा, पिकअप सखल बाजूला उभा करा आणि मागची बाजू उंचवट्याला भिडवा. गावाकडे पाच मिनिटं शोधलं तर अशी जागा मिळतेच. मग फक्त एक-दीड फुटाचा चढ उरतो.

जागा नसेल तर फळीची लांबी महत्त्वाची. हौदा जमिनीपासून ८० सेंटिमीटर उंच असेल आणि फळी दोन मीटरची असेल तर साडेतीनशे किलोची रिक्षा वर सरकवायला साधारण १४० किलोचा जोर लागतो. तीच फळी तीन मीटरची असेल तर ९५ किलोच्या आसपास. तीन माणसांचा आणि पाच माणसांचा फरक एका मीटर लाकडात आहे. फळ्या हौद्याच्या कडेला नुसत्या टेकवू नका, घसरतात. वरच्या टोकाला लोखंडी पट्टीचा आकडा असलेल्या फळ्या घ्या किंवा दोराने हौद्याला बांधून टाका. पिकअपचा हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, त्याच्या चाकांनाही दगड लावा.

एक जण रिक्षेत चालकाच्या जागी बसतो, पाय ब्रेकवर. इंजिन बंद असलं तरी रिक्षेचा हायड्रॉलिक ब्रेक लागतो, चढवण्याआधी एकदा दाबून खात्री करा. एक जण हातात लाकडी ठोकळा घेऊन चाकामागोमाग चालतो आणि प्रत्येक फुटाला ठोकळा सरकवतो. बाकीचे बाजूने ढकलतात किंवा वरून दोराने ओढतात. उताराच्या बाजूला, रिक्षेच्या बरोबर मागे, कुणीही उभं राहायचं नाही. हा नियम सगळ्यांना आधी मोठ्याने सांगा, कारण जोर लावताना माणूस आपोआप तिथेच जातो.

स्वतःच्या इंजिनवर रेस करून चढवू नका. तोंड वर असताना पुढचं चाक हलकं पडतं, हँडलचा ताबा सुटतो, आणि चालकाला मागची चाकं फळीवर आहेत की नाहीत ते दिसत नाही.

नेमकं कुठे बांधायचं?

चाकं बांधायची, किंवा चाकांना धरणारे भाग. हूड नाही, हूडचे पाइप नाहीत, प्रवासी धरतात ती दांडी नाही, सीटची फ्रेम नाही, मागचा बंपर नाही.

सिन्नरच्या पुढे एका ढाब्यावर उभ्या असलेल्या पिकअपमध्ये मी एक रिक्षा बघितली होती. दोन दोर हूडवरून आडवे टाकून दोन्ही बाजूंच्या हुकांना ताणून बांधलेले. हूडचा मधला पाइप दोन बोटं खाली वाकलेला, रेक्झिन शिवणीवर उसवलेलं, आणि इतकं करूनही एका बाजूचा दोर इतका सैल की त्यात सहज हात जाईल. बांधणाऱ्याने दोर घट्टच बांधला होता. पाइप वाकत गेला, शॉकअप खाली-वर होत राहिले आणि गतिरोधकागणिक दोर ढिला पडत गेला.

बहुतेक प्रवासी रिक्षांना ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. पत्र्याची घडीव बॉडी हाच सांगाडा असतो. पत्र्यातल्या भोकात आकडा अडकवला तर धक्क्याने पत्रा फाटतो. आणि वरची सगळी बॉडी स्प्रिंगवर नाचत असते. तिला बांधलं की बेल्ट कधी ताठ, कधी सैल. सैल झाल्या क्षणी आकडा कड्यातून बाहेर पडतो. चाक मात्र हौद्याच्या जमिनीवर टेकलेलं असतं, ते खाली-वर होत नाही. चाक धरून ठेवलं की वरची बॉडी स्प्रिंगवर हवी तेवढी हलू द्या, तिच्या हलण्याने बेल्टला फरक पडत नाही.

मागच्या चाकांसाठी: प्रत्येक चाकाला धरणारा जो आर्म असतो, त्याला चाकाच्या शक्य तितक्या जवळ मऊ पट्ट्याचा फास घाला आणि रॅचेट बेल्टचा (हँडल मागे-पुढे करून ताणायच्या पट्ट्याचा) आकडा त्या फासात अडकवा. आकडा थेट लोखंडावर अडकवला तर सुटतो आणि रंगही खरवडतो. इथे वाकून, टॉर्च लावून नीट बघायला हवं. आर्मच्या कडेने ब्रेकची नळी जाते, ती पट्ट्याखाली चेंगरता कामा नये. चाकाकडे जाणारा ड्राइव्ह शाफ्ट आणि त्याच्यावरचं रबरी बूट यांना पट्टा लावायचा नाही. बूट फाटलं की ग्रीस जातं आणि महिनाभराने सांधा कटकट करू लागतो, तेव्हा कारण कुणाच्या लक्षातही येत नाही.

दोन्ही मागच्या चाकांचे बेल्ट बाहेरच्या बाजूला, तिरके, जवळच्या कोपऱ्याकडे न्या, आणि शक्य असेल तर आणखी एक जोडी एकमेकांना छेदून, डाव्या चाकाचा उजव्या कोपऱ्याकडे आणि उजव्याचा डाव्या कोपऱ्याकडे. छेदणारी जोडी आडवं सरकणं थांबवते. बेल्ट फार उभा ठेवू नका, फार आडवाही नको. हौद्याच्या पृष्ठाशी ३० ते ४५ अंशांत असेल तर तो खालीही दाबतो आणि सरकूही देत नाही.

पुढच्या चाकासाठी: चाक सरळ ठेवा. टायर आणि मडगार्ड यांच्या मधून पट्टा ओवता आला तर टायरवरून घेऊन दोन्ही बाजूंच्या कड्यांना ताणा. जागा नसेल तर फोर्कच्या अगदी तळाशी, चाकाजवळ फास घाला. अनेक मॉडेलांत पुढचं चाक एकाच बाजूने धरलेलं असतं, त्यामुळे दोन्ही बाजूंचे बेल्ट थोडे थोडे, आलटून पालटून ताणा. एका बाजूचा पूर्ण ताणून मग दुसरा घेतला तर चाक वाकडं होऊन बसतं.

याशिवाय तिन्ही चाकांच्या पुढे आणि मागे लाकडी ठोकळे लावा. ठोकळा नुसता ठेवलेला असेल तर पहिल्या खड्ड्यात उडतो. फळीवर खिळ्याने ठोका, किंवा दोन ठोकळे चाकाच्या दोन्ही बाजूंनी घट्ट बसवून एकमेकांना बांधा.

आणि बेल्टचं दुसरं टोक? पिकअपच्या बाहेरच्या बाजूला ताडपत्रीच्या दोरासाठी जे बारीक हुक असतात ते ताडपत्रीपुरतेच. हौद्याच्या तळाशी वेल्ड केलेली जाड कडी शोधा, किंवा हौद्याखालच्या आडव्या चॅनलला फास घाला. कडीच्या वेल्डला तडा किंवा गंज आहे का ते बोट फिरवून बघा.

मोटरसायकल तर हँडलजवळ बांधून शॉकअप दाबून ठेवतात. मग रिक्षेला का नाही?

मोटरसायकल स्वतः उभी राहत नाही. तिला सरळ उभी ठेवण्यासाठी वरून खाली दाबावी लागते, म्हणून पुढचा शॉकअप थोडा दाबलेल्या स्थितीत बांधतात. रिक्षा तीन चाकांवर उभीच असते. तिला उभी ठेवायचं काम नाही, सरकण्यापासून आणि उचलली जाण्यापासून थांबवायचं काम आहे. हँडलला बांधलं तर नुकसान एवढंच होतं की हँडल ओढलं जाऊन बेअरिंगवर ताण येतो. फायदा काही नाही.

किती बेल्ट आणि किती ताकदीचे?

युरोप आणि अमेरिकेतल्या माल बांधण्याच्या नियमांत असं धरतात की ब्रेक लागल्यावर मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर पुढे आणि वळणावर ०.५ पट जोर बाजूला येतो. चारशे किलोच्या रिक्षेला हा हिशेब ३२० किलो पुढे आणि २०० किलो बाजूला असा होतो. बेल्ट तिरका असल्यामुळे त्याची सगळी ताकद एका दिशेला मिळत नाही, ४५ अंशांत साधारण ७० टक्के मिळते. खड्ड्यांचे धक्के वेगळेच.

त्यामुळे चार बेल्ट किमान, सहा असतील तर उत्तम, आणि प्रत्येक बेल्टची काम करण्याची ताकद पाचशे किलो किंवा जास्त. दुकानात पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आकडा बहुतेक वेळा तुटण्याची ताकद असतो. काम करण्याची ताकद त्याच्या निम्मी किंवा एक तृतीयांश धरतात. चांगल्या बेल्टला शिवलेली चिठ्ठी असते, त्यावर एलसी (म्हणजे काम करण्याची ताकद) असं लिहून डेकान्यूटनमध्ये आकडा दिलेला असतो. एक डेकान्यूटन म्हणजे जवळजवळ एक किलोचा जोर, तेव्हा तो आकडा किलो समजून वाचला तरी चालतो. युरोपीय मानकाप्रमाणे निळी चिठ्ठी पॉलिएस्टरची, हिरवी नायलॉनची. निळी घ्या, पॉलिएस्टर कमी ताणतं. चिठ्ठीच नसलेला बेल्ट मी वापरणार नाही, कितीही जाड दिसला तरी.

रॅचेटच्या दांड्यावर पट्ट्याचे दोन-तीन वेढे बसले पाहिजेत. अर्ध्या वेढ्यावर तो घसरतो. हँडल पूर्ण बंद करून आडवं बसवा. उरलेलं शेपूट बेल्टलाच गुंडाळून बांधा, नाही तर ते वाऱ्यावर फडफडत पिकअपच्या चाकात जातं.

बेल्ट नाहीत, दोरच आहे. चालेल?

गावातल्या गावात, वीसच्या वेगाने, नाइलाज असेल तर. नायलॉनचा दोर ताणतो, आणि गाठ मारली की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते. लांबच्या प्रवासाला रॅचेट बेल्टच घ्या.

कुठल्याही बेल्टला धारदार कडेवरून न्यायचं असेल तर खाली जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा दुमडलेलं गोणपाट घाला. पत्र्याची कड पट्टा कापते, आणि घाटात कापते.

हँडब्रेक ओढायचा का? गिअरमध्ये ठेवायची का?

दोन्ही करा. पण रिक्षा धरून ठेवण्याचं काम बेल्टचं आणि ठोकळ्यांचं आहे. हँडब्रेकची केबल जुनी असेल तर ती धक्क्यांनी ढिली होते, तिच्यावर काही सोडू नका.

हूड आणि काच कशी सांभाळायची?

बाजूचे पडदे गुंडाळून बांधा किंवा काढून ठेवा. हूडचं रेक्झिन आधीच फाटलेलं असेल तर ते काढून घेतलेलंच बरं, वाऱ्याने फाट वाढत जाते. मीटर, आरसे, सैल सीट, स्टेपनी, टूलबॉक्स, डिकीतली बाटली, सगळं काढून केबिनमध्ये ठेवा किंवा बांधा. रिक्षेवर पूर्ण ताडपत्री टाकायचा मोह टाळा. ती वाऱ्याने फुगते आणि सगळ्या बेल्टांवर ओढ आणते. पावसाळ्यात सीट आणि मीटरच्या जागेपुरतं प्लास्टिक बांधलं तरी पुरतं.

उंची मोजून घ्या. हौद्याची उंची आणि रिक्षेची उंची मिळून अडीच मीटरच्या आसपास जाते. रेल्वे पुलाखालच्या आणि काही उड्डाणपुलांच्या तोंडाशी असलेल्या लोखंडी कमानीला हूड लागलं की सगळी बांधणी एका झटक्यात उखडते.

सीएनजी किंवा इलेक्ट्रिक रिक्षा असेल तर?

सीएनजीचा सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह हाताने बंद करा. टाकी भरलेली नको. पाइपच्या जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. सिलिंडरच्या पट्ट्यांना किंवा स्टँडला बेल्ट अडकवणं हा गुन्हाच समजा. पेट्रोलची असेल तर कॉक बंद.

इलेक्ट्रिक रिक्षेत मुख्य एमसीबी किंवा आयसोलेटर (बॅटरीची वीज तोडणारा खटका) खाली करा, चावी काढून घ्या, बॅटरीच्या पेटीवर कुठलाही बेल्ट टेकू देऊ नका. जुन्या ई-रिक्षांत ॲसिडच्या बॅटऱ्या असतात. त्या तिरक्या झाल्या तर ॲसिड सांडतं, म्हणून बॅटऱ्या त्यांच्या पेटीत घट्ट आहेत का हे आधी तपासा.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नेली तर?

ग्रामीण भागात हाच सोपा मार्ग असतो आणि काळजी घेतली तर नेता येते. ट्रॉली खूप आदळते. तिला बहुतेक वेळा स्वतःचे ब्रेक नसतात. त्यामुळे वेग पंचवीस-तीसच्या वर नको आणि बेल्ट सहा हवेतच.

एका ॲक्सलच्या ट्रॉलीत किंवा जीपमागे लावायच्या ट्रेलरमध्ये भार कुठे येतो याला फार महत्त्व आहे. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर आला पाहिजे. भार मागे गेला तर ट्रेलर पुढची गाडी वर उचलतो आणि वेग वाढला की डावी-उजवीकडे झोलू लागतो. तो झोला एकदा सुरू झाला की ब्रेक मारून थांबत नाही, उलट वाढतो. पाय ॲक्सिलरेटरवरून काढून वेग आपोआप उतरू द्यावा लागतो. रिक्षेची जड बाजू मागची, तेव्हा ती ॲक्सलच्या किंचित पुढे येईल अशी रिक्षा सरकवून बघा. हुकाची बाजू हाताने उचलून अंदाज येतो: सहज उचलली गेली तर भार मागे आहे. हुकाच्या पिनला क्लिप आणि सोबत सुरक्षा साखळी हवी. हायड्रॉलिक ट्रॉली असेल तर तिचं लॉक लावा.

रिक्षेत कुणी बसलं तर? धरून बसेल, आवाज झाला तर सांगेल.

नाही. हौद्यातही नाही, रिक्षेतही नाही. बांधणी सुटली तर पहिला तोच चिरडतो.

वाटेत किती वेळा थांबायचं?

पहिल्या १५-२० किलोमीटरला नक्की. पहिल्या टप्प्यातच टायर आणि फास आपापल्या जागी स्थिरावतात आणि बेल्ट सर्वांत जास्त ढिले होतात. अमेरिकेत व्यावसायिक ट्रकचालकांना पहिल्या ५० मैलांच्या आत बांधणी तपासणं बंधनकारक आहे. आपल्या रस्त्यांवर तेवढी वाट बघू नये. त्यानंतर प्रत्येक चहाच्या थांब्यावर, खराब रस्ता संपल्यावर, घाटाच्या आधी आणि घाट उतरल्यावर. प्रत्येक बेल्ट बोटाने छेडा. ताठ बेल्ट टणत्कारतो, ढिला नुसता हलतो. मागच्या टायरांची हवा हाताने दाबून बघा, कारण टायर बसला की त्या कोपऱ्याचा बेल्ट सैल होतो.

कसारा, खंबाटकी, आंबा अशा घाटांत वळणावर ब्रेक दाबू नका. वळणाच्या आधी वेग उतरवा, खालच्या गिअरात चला. समृद्धीसारख्या मोकळ्या रस्त्यावर उलटी अडचण येते: रस्ता चांगला म्हणून पाय दाबला जातो, आणि उघड्या पठारावर बाजूने येणारा वारा उंच हूडला ढकलतो. साठ-सत्तरच्या पुढे जाऊ नका.

कोणते कागद सोबत ठेवायचे? नुकसान झालं तर विमा मिळतो का?

रिक्षेचं आरसी, विमा, खरेदीची असेल तर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० च्या प्रती, दुसऱ्या आरटीओत न्यायची असेल तर एनओसी म्हणजे फॉर्म २८. पोलिसांचा पहिला प्रश्न गाडी चोरीची तर नाही ना, हाच असतो, आणि तो रास्त आहे.

विम्याबद्दल बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट: भारतातल्या सर्वसमावेशक मोटार पॉलिसीत स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या भागात रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग यांवरून वाहून नेताना झालेलं नुकसानही धरलेलं असतं. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर यातलं काही मिळत नाही. निघण्यापूर्वी चारही बाजूंनी, बेल्ट बांधलेले दिसतील असे फोटो काढून ठेवा. पिकअपवाल्या भाऊंशी नंतर वाद होण्यापेक्षा तेव्हाच दोघांनी मिळून जुने ओरखडे बघून घेतलेले चांगले.

साइड व्हील लावलेली स्कूटर किंवा परदेशी ट्राइकही अशीच बांधायची का?

दिव्यांग चालकांसाठी बाजूला दोन चाकं बसवलेल्या स्कूटरमध्ये ती चाकं एका जोडपट्टीवर असतात. त्या पट्टीला बांधू नका, वाकली तर स्कूटर चालवण्याच्या लायकीची राहत नाही आणि त्या माणसाचं घराबाहेर पडणंच थांबतं. मूळचं मागचं चाक आणि पुढचा फोर्क बांधा.

अमेरिकेत-कॅनडात राहणारे जे वाचक कॅन-ॲम स्पायडरसारखी पुढे दोन चाकांची ट्राइक नेतात, त्यांच्यासाठी तत्त्व तेच: पुढच्या दोन्ही टायरांवरून पट्टे, मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी एक जोडी, आणि मागच्या ड्राइव्ह बेल्टला काही घासणार नाही याची खात्री. तिची पोटाखालची जागा कमी असते, तेव्हा रॅम्प लांब घ्या. पियाजिओ एमपी३ किंवा यामाहा निकेन मात्र वळणावर झुकणाऱ्या गाड्या आहेत. त्यांना तीन चाकं असली तरी मोटरसायकलसारखं दोन्ही बाजूंनी उभं धरावं लागतं.

उतरवताना काय बघायचं?

आधी पिकअप सपाट जागी आहे का ते बघा. रिक्षेत ब्रेकवर माणूस बसवा, मगच बेल्ट सोडा, आणि तेही उताराच्या बाजूचे सगळ्यात शेवटी. ताणलेल्या रॅचेटचं हँडल एकदम मोकळं होतं, तोंड त्याच्या समोर आणू नका. ठोकळे काढण्याआधी वरून एक दोर आर्मला लावून हौद्याच्या कडीत एक वेढा देऊन ठेवा आणि तो हळूहळू सोडत रिक्षा खाली घ्या, म्हणजे ब्रेकने दगा दिला तरी दोर तिला धरतो. खाली आल्यावर ब्रेकच्या नळ्या आणि रबरी बूट एकदा बघा, टायरमध्ये हवा भरा, सीएनजीचा व्हॉल्व्ह उघडून पुन्हा साबणाचं पाणी लावा आणि मगच चावी फिरवा.